बेसिन धाकटीच्या वाट्याला

निवडणूक आम्ही जिंकलो आणि हसत फिरत होती ती. हे मला अजूनही पचलेलं नाही, आणि पुढे पचेल असं वाटतही नाही.

ती म्हणजे माझी धाकटी जाऊ. घराच्या खालच्या मजल्यावर आम्हा दोघींचं बायकांचं सलून आहे. एकच लांबट खोली. पुढे रस्त्याकडे काचेचं दार, मग माझी खुर्ची, मग तिची खुर्ची, आणि अगदी मागे खिडकीखाली केस धुवायचं बेसिन. बेसिनाला मान टेकायला खाच आहे. बाई उताणी होऊन त्या खाचेत मान ठेवते आणि डोळे मिटते. मागच्या दाराने बाहेर पडलं की छोटं अंगण आणि वर जायचा जिना. वर आमची दोन्ही बिऱ्हाडं आणि सासूबाई. सासूबाई दिवसा खाली येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर टॉवेलांच्या घड्या घालत बसतात. हात टॉवेलात, कान आमच्यात.

सलून मी सुरू केलं. धाकटीच्या हातात कात्री मी दिली. लग्न होऊन आली तेव्हा तिला सरळ भांग पाडता येत नव्हता. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण गल्लीत हे दुसरं कुणी सांगणार नाही.

गल्लीत तिला ‘बरंझालं’ म्हणतात. दूध उतू गेलं, की ‘बरं झालं, शेगडी पुसायचीच होती.’ बस चुकली, की ‘बरं झालं, जरा पाय मोकळे होतील.’ एकदा अंगणात घसरून पाय मुरगळला, तर लंगडत आत येऊन म्हणते, ‘बरं झालं, डावाच होता.’ सासरे गेले तेव्हा तरी हिचं तोंड बंद राहील असं मला वाटलं होतं. राहिलं, नाही असं नाही. पण महिन्याभराने त्यांचा चष्मा पुसता पुसता म्हणाली, “बरं झालं ना आई, अंथरुणाला खिळून राहिले नाहीत. त्यांना ते सोसलं नसतं.” आणि सासूबाई, ज्या तोवर कुणाशी धड बोलत नव्हत्या, त्या म्हणाल्या, “हो गं बाई.” महिनाभर त्यांच्यापुढे ताट नेऊन ठेवणारी मी. त्यांचं पहिलं वाक्य मिळालं ते हिला.

माणसानं इतकं समाधानी असू नये. घरातल्यांना त्रास होतो.

तर निवडणूक. कशी झाली ते मी काय सांगू, तुम्हीही त्यातूनच गेलात. सख्खे मित्र एकमेकांना बघून रस्ता ओलांडायला लागले, आणि कुणाच्या घरी जेवायला गेलं की आधी टीव्हीवर कुठलं चॅनल लागलंय ते बघावं लागे. मी एका बाजूला होते, धाकटी दुसऱ्या. कोणती बाजू कुणाची ते सांगत नाही. तुम्ही आपली बाजू माझी समजा, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल.

पण कष्ट तिने केले, हे मान्य करायला हवं. सलून बंद झालं की पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून दारोदार हिंडायची. लोक तोंडावर दार आपटायचे. कुणी अंगावर कुत्रं सोडलं. (‘बरं झालं, मला पळता येतं हे कळलं.’) मी घरी बसून बातम्या बघायचे आणि टीव्हीतल्या लोकांना सल्ले द्यायचे. उंटावरून शेळ्या हाकायला मला पहिल्यापासून चांगलं जमतं.

निकाल लागला. आमचे आले, तिचे पडले, आणि थोडक्यात नव्हे, चांगले आपटले. मी कोपऱ्यावरच्या बेकरीतून केक आणला, आणि खरं सांगते, तो मी तिच्यासाठीच आणला होता. मला तिचा चेहरा बघायचा होता. तिच्या लग्नापासून मी वाट बघत होते, की एकदा तरी हिचं तोंड उतरलेलं बघीन. केकची ताटली घेऊन मी तिच्यासमोर उभी राहिले. तिने टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, एक तुकडा उचलला, चाखला आणि म्हणाली, “ताई, ताजा आहे हो. आईंसाठी बिनसाखरेचा मिळतो का ते बघायला हवं होतं.”

पडले तरी नाक वर! माझ्या हातातली ताटली तशीच राहिली. केक मग मला घशाखाली जाईना.

दुसऱ्या दिवसापासून सलूनचे दोन तुकडे पडले. आमच्याकडे सुरुवातीपासूनची रीत होती, की जिची खुर्ची रिकामी तिच्याकडे पुढचं गिऱ्हाईक. आता बायका बाकावर ताटकळत बसायच्या, पण समोरची रिकामी खुर्ची चुकीच्या बाजूची असेल तर तिच्यात बसायच्या नाहीत. जिंकलेल्या माझ्याकडे, हरलेल्या तिच्याकडे. मला वाटलं, आता कळेल. आता हिच्या कोपऱ्यात सुतक आणि माझ्याकडे गाणी.

झालं उलटंच. माझ्याकडे येणाऱ्या बायका खूश नव्हत्या. खुर्चीत बसल्या की फोन उघडायच्या आणि सांगायच्या, अमक्यांची अजून खोड जिरलेली नाही, तमक्यांना धडा शिकवायला हवा. मीही त्यांच्या सुरात सूर मिसळायचे. संध्याकाळी माझं डोकं ठणकायचं. जिंकल्यावर माणसाला इतका राग येत राहतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

तिच्याकडे पहिले काही दिवस रडारड झाली, ते मला ऐकायला बरं वाटलं. औषधांच्या दुकानात बसणारी एकजण तर बेसिनच्या खाचेत मान ठेवताच फुटली. धाकटी म्हणाली, “रड गं. इथे पाण्यात पाणी. कुणाला पत्ता लागायचा नाही.” मग थोड्या वेळाने, “झालं रडून? आता कंडिशनर लावू?” आणि ती बाई रडता रडता हसली.

“पण आता उरलं काय?” औषधवालीने विचारलं. “हे आपले शेजारी. हे असं मनात ठेवून आपल्याशी गोड बोलत होते?”

“आणि आपण काय मनात ठेवून बोलत होतो, ते त्यांना कुठे ठाऊक होतं?” धाकटी म्हणाली. “आता सगळ्यांना सगळं कळलं. बरं झालं. खरी ओळख आता होईल.”

मी माझ्या खुर्चीमागून नाक मुरडलं. पण माझ्या खुर्चीतली बाईही फोन खाली ठेवून ऐकत होती.

गल्लीच्या तोंडाशी रस्त्यावरचा दिवा कित्येक दिवस बंद होता. आमचे निवडून आलेत, ते लावतील, असं मी सगळ्यांना सांगत होते. धाकटीने औषधवालीला घेतलं, आणि वर पोस्टातल्या बाईंनाही घेतलं, जाऊन वीज कचेरीत ठाण मांडलं आणि दिवा लावून घेतला. पोस्टातल्या बाई म्हणजे माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आणि आमच्या बाजूच्या कट्टर. “त्या कशा आल्या तुझ्याबरोबर?” मी विचारलं. “अंधारात त्याही ठेचकाळतातच ना, ताई,” ती म्हणाली. तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दिवा लागला म्हणून कुणाला मिरच्या झोंबतात का? मला झोंबल्या.

आणि मग तो दिवस आला. पोस्टातल्या बाई सलूनमध्ये शिरल्या. माझी खुर्ची रिकामी, मी कापड झटकून उभी. तिच्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं. बाई बाकावर जाऊन टेकल्या.

“या ना,” मी म्हणाले.

“असू दे. तिचं होऊ दे जरा.”

“अहो, तुम्ही आपल्या ना?”

“आपलीच की! मत मी तुम्ही दिलं तिथेच दिलंय, पुन्हाही देईन.” बाई ओशाळल्या. “पण काय आहे, तिच्याकडे जाऊन आलं की डोकं कसं हलकं होतं.”

म्हणजे माझ्या कात्रीने डोकं जड होत होतं? सासूबाईंनी घडीतला टॉवेल उलगडला आणि पुन्हा तशीच घडी घातली. सासूबाईंनी कुणाला मत दिलं ते कुणालाच ठाऊक नाही. विचारलं की म्हणतात, “टॉवेल वाळले का ते बघ.”

मी सुताराला बोलावलं.

प्लायवूडची भिंत घालायची, सलूनचे दोन भाग करायचे. गिऱ्हाइकांची सोय होईल, असं मी घरात सांगितलं. आमच्या नवऱ्यांनी, सख्खे भाऊ असल्यामुळे, या भानगडीत न पडण्याचं एकमताने ठरवलं. पुढचा भाग मी घेतला. काचेचं दार माझं, रस्ता माझा, पाटी माझी, मोठा आरसा माझा. तिला मागचं. तिच्या बायकांनी घराला वळसा घालून अंगणातून यायचं. हे सगळं मी तिला सांगितलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती गप्प झाली. अगदी गप्प. माझ्या काळजाचा ठोका चुकला, इतकी मी आशेवर होते.

“बरं झालं,” ती म्हणाली. “खिडकी माझ्याकडे आली. मागे उजेड छान असतो.”

“मी टॉवेल कुणाच्या बाजूला ठेवू?” सासूबाईंनी विचारलं.

सुतार मुलखाचा अबोल. सांगाडा ठोकताना एकदाच थांबला आणि म्हणाला, “मध्ये दार ठेवायचं ना?”

“दार कशाला? सरळ बंद करा.”

त्याने मागे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार असं वाटलं. मग खांदे उडवून त्याने प्लाय ठोकला. संध्याकाळपर्यंत भिंत उभी राहिली.

आता एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. आमच्या धंद्यात स्वतःचं डोकं स्वतःला करता येत नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशी, दार लावून घेतल्यावर, आम्ही दोघी एकमेकींचे केस करायचो. माझे केस लवकर पिकले. रंग ती लावायची. दोन ट्यूबांतून अंदाजाने पिळून वाटीत कालवायची, आणि तो रंग असा बसायचा की माझ्या नवऱ्यालासुद्धा माझे केस काळेच वाटायचे. निकालापासून मी तिला माझ्या डोक्याला हात लावू दिला नव्हता. भांगात पांढरी रेघ उमटली होती आणि ती दिवसेंदिवस रुंद होत होती. माझ्या स्वतंत्र सलूनच्या पहिल्या दिवशी केस काळे हवेत म्हणून मी सकाळी लवकर खाली उतरले, अंगणातून वळसा घालून पुढचं दार उघडलं, दोन आरसे समोरासमोर धरले आणि आपणच आपला रंग लावला. मागे हात पुरेना, पण लावला. घड्याळ लावून बसले. नव्या दुकानात एकटीच. छान वाटलं.

घड्याळ वाजलं. मी डोकं धुवायला उठले आणि प्लायवर जाऊन आपटले.

बेसिन पलीकडे होतं.

दार, रस्ता, पाटी, आरसा, पंख्याचं बटण, सगळं मी बारकाईने वाटून घेतलं होतं. आयुष्यभर या धंद्यात काढलेल्या बाईने पाण्याचा नळ वाटायचा विसरावा! दुसऱ्याला अपशकुन करायला स्वतःचं नाक कापणारी माणसं मी ऐकली होती. आता आरशात एक दिसत होती, तीही डोक्याला काळा चिखल फासलेली. सुतार काय बोलणार होता ते तेव्हा लक्षात आलं.

रंग जास्त वेळ राहिला की टाळूला चरचरतं. माझी टाळू चरचरायला लागली होती. वर जाऊन धुवावं, तर जिना अंगणातून. म्हणजे पुढच्या दाराने बाहेर पडा, भर रस्त्यातून घराला वळसा घाला. मी डोक्यावर टॉवेल घेतला आणि निघाले. वाटेत पोस्टातल्या बाई भेटल्या. “काय हो, लागलं का काही?” “नाही, नाही, थंडी वाजते.” ऊन चांगलं वर आलं होतं. जिना चढून वर गेले, तर न्हाणीघराचं दार आतून बंद. सासूबाई एकदा अंघोळीला बसल्या की घर पेटलं तरी अर्ध्यातून उठायच्या नाहीत.

“आई, लवकर आटपा!”

“खाली बेसिन आहे की,” आतून आवाज आला.

खाली उतरले. धाकटी नुकतंच तिच्या बाजूचं दार उघडत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, कानावर ओघळलेला रंग पाहिला, प्लायकडे पाहिलं. मला वाटलं, आता हसेल. मी तिच्या जागी असते तर गल्ली गोळा केली असती.

“बसा, ताई,” ती म्हणाली आणि नळ सोडून मनगटावर पाणी तापलंय का बघायला लागली.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मी बेसिन धरलं. खाचेत मान टेकली. तिची बोटं माझ्या केसांत शिरली, आणि चरचर थांबली. त्या बोटांना तोड नाही, हे मीच शिकवलेलं असूनही सांगते. नाही, खरं म्हणजे हे मी शिकवलेलं नाही. कात्री शिकवली. हे तिचं तिचंच.

पण माझं डोकं वेगळंच चालत होतं. ती हसत असणार, याची मला खात्री होती. मी डोळे मिटले आहेत असं समजून पोट धरून हसत असणार, आणि मला ते पकडायचं होतं. मी पापण्या थोड्याशा किलकिल्या केल्या.

ती हसत नव्हती. वरून उलटा दिसत होता तिचा चेहरा, पण चेहरा उलटा असला तरी कळतं. गाल सुटलेले. खालचा ओठ दातांत घट्ट धरलेला. डोळे खिडकीबाहेर, आणि खिडकीबाहेर समोरच्या घराच्या भिंतीशिवाय काही नव्हतं. ती हरलेली होती. इतकी हरलेली बाई मी ना आमच्या बाजूला, ना तिच्या बाजूला, कुठेच बघितली नव्हती. निकालाच्या दिवशी केक घेऊन मी ज्या चेहऱ्याची वाट बघत उभी होते, तो हा. तो इथे होता. रोज इथेच असणार. कारण या खाचेत जी येते ती डोळे मिटते.

“पाणी गरम नाही ना लागत, ताई?”

आवाज नेहमीचा. हसरा, टुणटुणीत. त्या चेहऱ्यातून तो आवाज निघाला.

“नाही,” मी म्हणाले, आणि पटकन डोळे मिटून घेतले.

तुम्हाला वाटेल, तेव्हा माझ्या मनात दया दाटून आली असेल. नाही आली. मी आणखी जळले. तोवर मी समजत होते, की हिचं समाधान जन्मजात आहे, एखादीचे केस जन्मतः दाट असतात तसं. तसं असतं तर नशिबाला बोल लावून मी गप्प बसले असते. पण हे आयतं नव्हतं. ही रोज सकाळी इथे उभी राहून, डोळे मिटलेल्या बायकांची डोकी हातात घेऊन, ते समाधान नव्याने कालवत होती, माझ्या रंगासारखं, अंदाजाने. हरूनही तिच्या हाताला काम होतं. मी जिंकले होते, आणि जिंकून झाल्यावर काय करायचं असतं ते मला कुठे ठाऊक होतं? मी भिंत घातली.

तिने टॉवेल गुंडाळला, मी उठून बसले. समोर तिचा लहानसा आरसा. आरशात ती हसत होती.

“झोप लागली होती का?”

“हो.”

“बरं झालं. तुमची झोप होत नाही हल्ली.” तिने माझे केस बाजूला करून मानेवर बोट टेकवलं. “इथे एवढं पांढरं राहिलंय. हात पोचला नसेल. थांबा, लावते.”

मी थांबले. वाटीत रंग कालवल्याचा आवाज येत राहिला.

सुतार दुपारी प्लाय घासायला आला. मी म्हणाले, काढून टाका. तो म्हणाला, “मी तर विचारलंच होतं.” मी म्हणाले, विचारताना मोठ्याने विचारत जा. भिंत उतरली. “बरं झालं,” धाकटी प्लायवरून हात फिरवत म्हणाली, “आईंच्या टॉवेलांना कपाट होईल.” कपाट झालं. सासूबाई आता त्याचं दार दिवसातून कितीदा तरी उघडतात आणि लावतात.

माझं म्हणाल तर मी तशीच आहे. पोस्टातल्या बाई अजून तिच्यासाठी ताटकळतात आणि माझ्या पोटात अजून दुखतं. मत मी पुढल्या वेळीही तिथेच देणार. पण सुट्टीच्या आदल्या दिवशी दार लावून घेतलं की मी पुन्हा बेसिनच्या खाचेत मान ठेवते, आणि ठेवण्याआधीच डोळे घट्ट मिटते. ती म्हणते, “ताई, अजून शॅम्पू घेतलासुद्धा नाही.” मी म्हणते, असू दे. आणि ती नळ बंद करेपर्यंत उघडत नाही.